फोटोमागे लिहिणारे मालक

आमचे मालक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं की "हसा" म्हणायचे नाहीत. "जेवलात का?" असं विचारायचे. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस गडबडून जायचा. "न्हाय अजून," म्हणाला, की मालक कॅमेऱ्यामागून बाहेर येत. "मग आधी जेवून या. उपाशी माणसाचा फोटो दहा वर्षं उपाशीच राहतो." आमच्या दुकानासमोरच भज्यांचा गाडा होता. गाडेवाल्याचं आणि मालकांचं आतून काहीतरी ठरलेलं असणार, असं मी कामाला लागल्यावर पहिले दोन महिने धरून चालले होते. पुढे कळलं की दोघांचं बोलणंच बंद आहे. गाडेवाल्यानं हौसेनं गाड्याचा फोटो काढून घेतला होता, आणि तो देताना मालकांनी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'भजी ताजी. तेल कालचं. रंग आम्ही उजळला.'

हे मागे लिहिणं हा त्यांचा सगळ्यात मोठा वेडेपणा. कळंबात त्यांची ओळख सांगताना कुणी नाव सांगायचं नाही, 'मागं लिवणारा फोटोवाला' एवढं पुरायचं. फोटोत त्यांनी काहीही हात घातला की पाठीवर त्याची कबुली आलीच. 'डावा डोळा उघडला.' 'मस काढला, सांगण्यावरून.' 'केस काळे केले, मिशी होती तशी.' 'मागचा बंगला पडद्यावरचा.' अक्षर बारीक, नीटस, आणि पेन्सिल अशी दाबून चालवायचे की खोडलं तरी वण राहावा. ती पेन्सिल सुताराच्या कानावर असते तशी कायम त्यांच्या कानावर असायची. जेवताना, देवळात, पाहुण्याच्या लग्नातसुद्धा.

मी तिथं आठ वर्षं काम केलं. नवऱ्याची शाळेत नोकरी, मुलगी शाळेत जायला लागली, घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि या दुकानात आले. आता दुकान मीच चालवते. मालक लेकीकडे पुण्याला गेलेत. तिथून फोन करतात आणि पहिल्यांदा मी जेवले का ते विचारतात. मला त्यांचा भयंकर राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. आजही कधी कधी येतो.

दुकानात एक काळा कोट होता. एकच. मोठ्या मापाचा. बारीक माणसाला घातला की पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून तो आवळायचा, आणि जाड माणसाला घातला की बटणं न लावता हात पुढे घ्यायला सांगायचं. कळंब आणि आसपासच्या खेड्यांतल्या किती भिंतींवर तो कोट आहे, देव जाणे. एखाद्याचे वडील वारले की लोक त्या फोटोची मोठी प्रत करायला यायचे, आणि मालक आधी कोटाकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. "ह्या कोटानं जेवढे बाप बघितले तेवढे कुणी बघितले न्हाईत," असं म्हणायचे. कोट दिसला की मागे ठरलेले दोन शब्द, 'कोट आमचा.' एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला त्याच्या नातवानं तो फोटो उलटा करून वाचला आणि साऱ्या भावकीसमोर विचारलं, "मंग आजोबाचा कोट कुठाय?" ते लोक आमच्याकडे भांडायला आले. मालकांनी त्यांना बसवून चहा पाजला, आणि म्हातारा हयातभर बंडीवर राहिला, त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं तासभर समजावलं. ते समजले की कंटाळून गेले, ते मला कळलं नाही.

हे कशासाठी, असं मी अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, सवय. एकदा म्हणाले, "म्हातारपणी मलाच आठवणार न्हाय खरं काय व्हतं." एकदा मी फारच टोचून बोलले तेव्हा म्हणाले, "ताई, फोटोवर लोक इस्वास ठिवतात. भाषणावर ठिवत न्हाईत, पेपरावर ठिवत न्हाईत, फोटोवर ठिवतात. त्याचा जिम्मा कुणीतरी घ्यावा का न्हाय?" मला ते तेव्हा नाटकी वाटलं.

कारण या जिम्म्याची झळ दुसऱ्यांना लागायची. एका मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो होता. पोरगी सावळी, चांगली तरतरीत. आईनं हात जोडून सांगितलं, जरा उजळ करा. मालकांनी दिवे वाढवले, थोडं मी कॉम्प्युटरवर केलं, आणि मागे लिहिलं, 'उजेड जास्त दिला.' मुलाकडच्यांनी फोटो उलटून बघितला. बोलणी तिथंच थांबली. मुलीची आई दुकानात येऊन रडली. "तुमच्या पेन्सिलीनं माझ्या पोरीचं नुस्कान केलं," म्हणाली. त्या दिवशी दुपारी मालक जेवले नाहीत. मला वाटलं, आता तरी सुटलो आपण. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच फोटोच्या मागे त्यांनी लिहिलं, 'दाढीचे खुंट कमी केले.' मी हातातलं काम ठेवून घरी निघून गेले आणि दोन दिवस आले नाही. त्या मुलीचं लग्न पुढं दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण म्हणून मालकांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

फोटो कागदावरून मोबाईलवर गेले तेव्हा मी मनातून खूश झाले. मोबाईलला मागची बाजू कुठून आणणार? मालकांनी चार दिवस विचार केला. मग गिऱ्हाइकाला फोटो पाठवला की लगेच दुसरा मेसेज जायला लागला, 'मागची बाजू: निळा रंग भरला. कॉलर सरळ केली.' लोक आधी हसायचे, मग सवय झाली. वाढदिवसाच्या बॅनरवाल्यांनी मात्र आमच्याकडे यायचं सोडलं. एका पुढारी पोराला पाठीमागे वाघ हवा होता, आणि मालकांनी विचारलं, "ह्यो वाघ कळंबचाच का?" तो गेला तो बसस्टँडजवळच्या नव्या स्टुडिओत.

तो नवा स्टुडिओ म्हणजे आमच्या पोटावर पाय. तिथं सगळं एआयवर. काळा-पांढरा फोटो रंगीत, फाटका फोटो सबंध, रडका माणूस हसरा. एका लग्नात तर नवरदेवाचे वारलेले आजोबा मोठ्या पडद्यावर हात वर करून आशीर्वाद देत होते, ओठ हलवून नातवाचं नाव घेत होते. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मीही लावला. घरी येताना मालकांना म्हटलं, "बघितलं का? आपण मागं पडलो." ते म्हणाले, "बघितलं. म्हातारा त्या पोराला हयातीत घरात घेत नव्हता. पोरानं जातीबाहेरची पोरगी ठरवली म्हणून. आता बोलतोय बघा कसा गोड."

पण मालक मशीनचे वैरी होते असं कुणी समजू नये. एआयवर चित्र कसं होतं ते मी त्यांना दाखवलं तेव्हा ते शाळेतल्या पोरासारखे खुर्ची ओढून बसले. हे करून दाखवा, ते करून दाखवा. ओरखडे पडलेला फोटो दोन मिनिटांत साफ झाला तेव्हा त्यांनी मशीनला चक्क हात जोडले. ब्रशनं त्याच कामाला त्यांना दोन दिवस लागायचे. फक्त एक प्रश्न ते दर वेळी विचारायचे, "ह्यानं हे कुठनं आणलं?"

सोनारीकडच्या एका धनगर कुटुंबानं त्यांच्या पणजोबांचा फोटो आणला होता. उजवी बाजू उंदरानं खाल्लेली. मी एआयला दिला. अर्धा चेहरा होता तो सबंध झाला, फेट्याचा पीळ जुळला, खांद्यावरची घोंगडी पुरी झाली. मला माझाच अभिमान वाटला. मालकांनी भिंग घेतलं आणि म्हणाले, "हा कान कुणाचा?" मी म्हटलं, "त्यांचाच की." ते म्हणाले, "त्यांचा तर उंदरानं खाल्ला." मग त्यांनी त्या घरी फोन लावला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी अर्धा तास बोलले. पणजोबांच्या उजव्या कानात वरच्या बाजूला सोन्याची बाळी होती, आणि एकदा मेंढरांवरून झालेल्या भांडणात ती ओढली जाऊन कान फाटला होता, असं निघालं. फाटक्या कानाचा म्हातारा म्हणूनच तो पंचक्रोशीत माहीत होता. मशीननं त्याला सुरेख, गुळगुळीत कान दिला होता. फोटो न्यायला आलेल्या पोरांना ते माहीतच नव्हतं. मालकांनी कान फाटका करायला लावला, तरीही मागे लिहिलं, 'उजवी बाजू मशीनची, कान सांगण्यावरून.'

त्यानंतर त्यांनी दुकानाचा नियम केला. एआय वापरायचं, पण मागे लिहायचं, आणि तोंडानंही सांगायचं, कारण लोक मागे बघत नाहीत. मी म्हटलं, "लोकांना पाहिजे ते द्यायचं, याला धंदा म्हणतात." ते म्हणाले, "मग डॉक्टरनं बी तसंच करायचं का?" अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. मी नियम पाळत होते. एकदाच मोडला.

मालक सोलापूरला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. दहा दिवस दुकान माझ्यावर. एक एसटी कंडक्टर आले, वय पन्नाशीचं, तिकिटाची पेटी अजून खांद्यालाच. मांजरा नदीकाठच्या एका गावात त्यांनी नवं घर बांधलं होतं, रविवारी वास्तुशांत होती. "ताई," ते म्हणाले, "भितीवर वडलांचा फोटो लावलाय. शेजारी खिळा मोकळाय. आईचा पायजे." मी म्हटलं, द्या जुना फोटो. ते म्हणाले, "न्हाय. कधी काढलाच न्हाय. मी दीड वर्साचा हुतो ती गेली तवा."

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता फोटो नसला तरी फोटो निघतो. बसस्टँडवर गेले होते, तिथं लग्नाच्या कामांची गर्दी, म्हणून इकडे आले. थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं होतं. तिला ते अक्का म्हणत. तिचा तरुणपणचा एक फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होता. तो घेतला, त्यांचा स्वतःचा घेतला, आणि एआयला लिहून दिलं, यांची आई, वय पंचवीस, नऊवारी, डोक्यावर पदर, मोठं कुंकू, नाकात नथ. मशीननं चार बायका काढून दिल्या.

कंडक्टर पुढे वाकले. पहिलीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. तिसरीवर त्यांचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. "ही," ते म्हणाले. "ही माझी आई." एवढा मोठा माणूस दुकानात हुंदके देऊन रडला. मीही रडले. आयुष्यात इतकं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं मला वाटलं, आणि ते मी लपवून ठेवत नाही. त्यांनी दोन फ्रेमा करायला सांगितल्या, एक घरी आणि एक अक्काला. मी पेन्सिल उचलली तेव्हा म्हणाले, "ताई, मागं काय लिवू नका. हात जोडतो." मी पेन्सिल खाली ठेवली.

मालक परत आले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. तिसऱ्याच दिवशी कंडक्टर पेढे घेऊन आले. वास्तुशांत झकास झाली होती. मोबाईलवर त्यांनी भिंतीचा फोटो दाखवला. मालकांनी चष्मा वर करून खूप वेळ बघितलं आणि मला विचारलं, "मूळ फोटो कुठाय?" मी सांगितलं, मूळ नाही. त्यांनी कंडक्टरना विचारलं, "आन् बहिणीला काय सांगितलं?"

"सांगितलं, एका पावण्याकडं जुना फोटो घावला," कंडक्टर म्हणाले. "तिला कशाला घोळात घालायचं?"

मालकांनी हातातला पेढा पुन्हा खोक्यात ठेवला. "आमाला तिच्याकडं जावं लागंल," ते म्हणाले. "तुमी येता का संगं?"

कंडक्टर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करत नाही. त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, तुमाला काय पडलंय? मला आई कधी नव्हतीच. आता भितीवर हाय. तेवढी बी काढून नेता का?"

"तुमची कामून काढीन? तुमाला खरं ठावं हाय. तिला ठावं न्हाय."

मी मध्ये पडले. मी म्हटलं, आपण गिऱ्हाइकाला फसवलं नाही, त्यांना सगळं सांगूनच केलं. घरी जाऊन ते काय सांगतात हा त्यांच्या घरचा प्रश्न. मालक म्हणाले, "ताई, फोटो एक माणूस नेतो, पण बघतं सगळं घर." त्यांचा आवाज चढला नव्हता. कंडक्टर निघाले, दारातून परत फिरले. शेवटी त्यांनी गाव आणि घर सांगितलं. "जावा," म्हणाले, "पण ती रडली तर ते तुमच्यावर." पेढ्यांचा खोका तसाच ठेवून गेले.

अक्का तामलवाडीला दिलेली. कळंबहून धाराशिव, तुळजापूर, मग सोलापूरच्या रस्त्याला लागायचं. मी म्हटलं, तुमचे डोळे अजून ओले आहेत, धूळ जाईल, फोनवर सांगू. मालक म्हणाले, "ज्यानं काढला त्यानं समोर जाऊन सांगायचं. तुमी काढलाय, तुमी सांगायचं. मी संगं येतो, दुकान माझंय म्हणून." एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवस घालवायचा, एका भल्या माणसाचं सुख नासवायचं, आणि त्याला जिम्मा म्हणायचं, म्हणजे हट्टच की नुसता. तुळजापूर मागे पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "ताई, त्यानं तिसरीच का निवडली असंल?" मी म्हटलं, आतून वाटलं असेल. ते म्हणाले, "मला वाटतं ती त्याच्यासारखीच दिसत असंल. रोज दाढी करताना जे तोंड बघतो त्याच्यासारखी. त्यानं दुसरं काय बघितलंय बिचाऱ्यानं?"

अक्काचं घर गावाच्या कडेला. अंगणात उडीद वाळत घातलेला, आणि ओट्यावर ती सूप घेऊन खडे निवडत होती. साठीची बाई, शेलाटी, बोलायला मोकळी. भावाच्या गावाकडून आलोय म्हटल्यावर तिनं पाणी दिलं, चहा टाकला, मालकांचे डोळे कसे आहेत ते विचारलं. दारातून आत बघितलं तर समोरच्या भिंतीवर मी केलेली फ्रेम होती, तिला शेवंतीची माळ. अक्का बसली होती ती त्या भिंतीकडे पाठ करून.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन घोट चहा उगाच हळू घेतला आणि मग सांगून टाकलं. "अक्का, तो फोटो कुठल्या पाहुण्याकडं सापडलेला नाही. तुमचा आणि तुमच्या भावाचा चेहरा घेऊन मी तो मशीनवर तयार केला. ती तुमची आई नाही."

तिचे हात सुपात चालूच होते. "म्हायती हाय मला," ती म्हणाली.

मी कपबशी खाली ठेवली.

"माझ्या आईच्या तोंडावर देवीचे वण हुते. तोंडभर. आजी म्हणायची, असली सून नको, पर आमच्या बापानं हट्टानं केली. आन् नथ? नथ कुठली आणतीस माय! तिच्या नाकात कडुलिंबाची काडी हुती, भोक बुजू नये म्हणून." तिनं एक खडा अंगणात फेकला. "ती गेली तवा म्या नऊ वर्साची. इसरंल का म्या?"

"मग भावाला सांगितलं न्हाय?" मालकांनी विचारलं.

"कसं सांगू दादा? पन्नाशीचा बाप्या, दारात उबा ऱ्हायला, छातीशी धरलेला फोटो फिरवला आन् म्हणला, अक्का, बघ, आई. त्याचं तोंड बघायला पायजे हुतं तुमी. म्या म्हणलं, व्हय रं, आईच हाय आपली."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे कुणीच फसलं नव्हतं. मालकांचाही खांदा सैल झालेला मी बघितला. तिला माहीत असेल तर त्यांच्या हिशोबानं सगळं नीट होतं. तरी त्यांनी अक्काची परवानगी घेतली, फ्रेम उतरवली, कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिली. मी मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'चेहरा मशीनचा. नथही.' आणि खाली, त्यांनी सांगितलं म्हणून, माझं नाव घातलं.

"काय लिवलं?" अक्कानं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. "मला वाचता येत न्हाय. पर असू द्या लिवलेलं." मग सूप बाजूला ठेवून ती मालकांकडे वळली. "दादा, तुमी लांबून आलाव, जाणते हाव, म्हणून इचारते. हे कुणाला बोलले न्हाय म्या. आई गेल्यापासनं रोज, दिवा लावला का डोळं मिटायची आन् तिला बघायची. रोज दिसायची. लगीन झालं, लेकरं झाली, तरी दिसायची. फोटो न्हाय याचं मला कधी काय वाटलं न्हाय. आता डोळं मिटलं का ही येती."

तिनं भिंतीकडे हात केला, पण बघितलं नाही.

"म्हायती हाय ही न्हाय ती. रोज सोताला सांगते, ही न्हाय. तरी हीच येती. आदी आठ दिस तिच्यामागं आई दिसत हुती, थोडी थोडी. आता मागं बी कोण न्हाय. हिला काढून घिऊन जाता का? भितीवरची न्हाय. भाऊ येतो पंचमीला, त्याला दिसली पायजे. हितली." तिनं कपाळावर बोट ठेवलं.

मी मालकांकडे बघितलं. माझ्या हातात अजून त्यांची पेन्सिल होती आणि तिची मला इतकी लाज वाटली की मी ती पिशवीत टाकली. हे मी केलं होतं. चांगल्या मनानं, दहा मिनिटांत. आणि या बाईच्या आईची जगात एकच प्रत होती.

"न्हाय अक्का," मालक म्हणाले. "ते माझ्याकडनं व्हत न्हाय." आवाज त्यांचा वाटत नव्हता. त्यांनी काळा चष्मा काढला, ऑपरेशनचा डोळा लाल होता, तो तसाच उघडा ठेवून त्यांनी विचारलं, "वण कुठं कुठं हुते? सांगता का? तुमी सांगा, आमी ऐकतो."

अक्कानं जरा विचार केला. मग ती उठून माझ्या अगदी समोर येऊन बसली, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. तिच्या बोटाला उडदाची धूळ होती. ते बोट तिनं माझ्या कपाळावर टेकवलं.

"हितं दोन. जवळ जवळ."

मग नाकाच्या बाजूला. "हितं एक, खोल. तिच्या कुशीत निजले का त्याच्यात माझं बोट बसायचं."

मी डोळे मिटून घेतले होते. बोट भुवईवरून गेलं, डाव्या गालावर आलं, हनुवटीपर्यंत उतरलं, पुन्हा वर चढलं. मग ते थांबलं. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्या गालाकडे बघत होती.

"हितं बी हुते," ती म्हणाली. "हितं लई हुते." बोट गालावर तसंच होतं, आणि जणू मी त्या बाईला ओळखत होते, अशा आवाजात तिनं मला विचारलं, "कुठं हुते गं?"